उघाडीच्या स्वयंचलित दाराची औपचारिक पडताळणी कशी करावी

कोकणातील खाड्यांच्या काठची खारजमीन बांध आणि उघाडी (बांधातले पाणी सोडण्याचे दार) यांच्या भरवशावर पिकते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी उघाडीतून खाडीत जावे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ नये, एवढेच उघाडीचे काम. पण त्यात चूक झाली तर त्या वर्षीचा भात जातोच, शिवाय जमिनीत उतरलेला क्षार धुऊन निघायला पुढचे पावसाळेही जाऊ शकतात. जुन्या पद्धतीची झडप पाण्याच्या दाबानेच उघडते आणि मिटते; तिच्यात ओंडका अडकू शकतो, परंतु तिला प्रोग्राम नसतो. त्या जागी मोटरने वरखाली होणारे दार, आतबाहेर एकेक पातळीमापक आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवायचा ठरला, तर त्या नियंत्रकाची औपचारिक, म्हणजे गणिती पद्धतीची, पडताळणी कशी करावी, हे येथे क्रमाने मांडले आहे. अभियांत्रिकी पदविका किंवा पदवीच्या विद्यार्थ्याला सी भाषा येत असेल, तर सांगितलेले सर्व काम साध्या लॅपटॉपवर आणि मोफत मिळणाऱ्या साधनांनी होते.

नुसती चाचणी का पुरत नाही, हे आधी आकड्यांत पाहू. दोन मापकांची वाचने प्रत्येकी 16 बिटांची असतील, तर त्यांच्या जोड्या सुमारे 429 कोटी होतात. दर सेकंदाला एक जोडी तपासली तरी 136 वर्षे लागतील, आणि ही तपासणी केवळ एका क्षणाच्या स्थितीची असेल. प्रत्यक्षातले दोष एका क्षणात नसून घटनांच्या क्रमात दडलेले असतात: दार अर्धे वर असताना वीज जाणे, मग भरती लागणे, मग वीज परत येणे. चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे दाखवता येत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी 1970 च्या सुमारास बजावले होते. काळानुसार बदलणाऱ्या विधानांसाठी अमीर प्नुएली यांनी 1977 मध्ये कालिक तर्कशास्त्र सुचवले. एडमंड क्लार्क आणि अॅलन इमर्सन यांनी अमेरिकेत, तर जोसेफ सिफाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने फ्रान्समध्ये, 1980 नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मॉडेल चेकिंगची पद्धत उभी केली. या तिघांना त्यासाठी संगणकशास्त्रातले 2007 चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. यंत्राचे एक मर्यादित गणिती मॉडेल लिहायचे, त्याने काय पाळावे ते काटेकोर विधानांत सांगायचे आणि त्या मॉडेलच्या पोहोचण्याजोग्या सर्व अवस्था संगणकाकडून तपासून घ्यायच्या, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. विधान मोडले तर साधन नुसते ‘चूक’ म्हणून थांबत नाही, ते कसे मोडले याचा घटनाक्रम दाखवते. हा घटनाक्रम, म्हणजे प्रतिउदाहरण, माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे फळ आहे.

आधी अपेक्षा लिहा

साधन उघडण्यापूर्वी कागद घ्यावा. बहुतेक जण पहिली अपेक्षा अशी लिहितात: ‘बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा वर असताना दार कधीही उघडे नसावे.’ विधान योग्यच आहे, परंतु ते पाळणे शक्य आहे का, हे आधी हिशेबाने पाहावे लागते, कारण दाराला मिटायला वेळ लागतो. आपले दार पूर्ण खाली यायला 4 मिनिटे घेते असे धरू. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो. 4 मीटर पाणी सुमारे सहा तासांत चढायचे तर मधल्या दोन तासांत त्याचा वेग ताशी 1 मीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे 1.7 सेंटिमीटर होतो. त्याच वेळी शेतातले पाणी उतरत असते. ते धरून दोन पातळ्यांमधले अंतर मिनिटाला जास्तीत जास्त 2 सेंटिमीटरने घटते असे मानू. मग दार मिटेपर्यंत 8 सेंटिमीटर गेले. दोन्ही मापकांची मिळून चूक 6 सेंटिमीटरपर्यंत असू शकते, म्हणजे एकूण 14. तेव्हा ‘अंतराचे वाचन 15 सेंटिमीटरच्या खाली गेले की दार मिटायला लागावे आणि 25 च्या वर गेले की उघडायला लागावे’ असा नियम कागदावर पुरेसा वाटतो. तो पुरेसा नाही, हे पुढे दिसेल.

या मुख्य अपेक्षेखेरीज आणखी तीन विधाने लिहावीत. दार वर नेणारा आणि खाली आणणारा असे दोन्ही रिले (विजेने चालणारे स्विच) एकाच वेळी कधीही चालू नसावेत. मापकांच्या वाचनानुसार आतले पाणी बाहेरच्यापेक्षा सतत 25 सेंटिमीटरहून अधिक वर राहिले, तर दार केव्हा ना केव्हा उघडावेच. आणि दार अडकल्याचे मोटरच्या वाढलेल्या प्रवाहावरून कळले, तर मोटर थांबून भोंगा वाजावा. यांतले दुसरे विधान इतरांहून वेगळ्या जातीचे आहे. बाकीची विधाने ‘वाईट कधीही घडू नये’ असे म्हणतात, हे ‘चांगले कधीतरी घडावे’ असे म्हणते. ते गाळले तर कायम मिटलेले दार सर्व अपेक्षा पूर्ण करते आणि जुलैच्या पावसात भात बुडतो, तरी अहवालात सर्व काही बरोबर असते.

मॉडेल बांधताना

मॉडेल म्हणजे प्रोग्रामची नक्कल नव्हे. त्यात नियंत्रक असतो तसाच खाडी, वीज, मापक आणि दार यांचाही समावेश असतो, आणि या बाहेरच्या जगाला आपण जाणूनबुजून मोकळे सोडतो. नियंत्रकाने काय करावे हे ठरलेले असते. पाण्याने मात्र दिलेल्या मर्यादेत हवे ते करावे. नूएसएमव्ही, स्पिन किंवा टीएलए प्लस यांपैकी कोणतेही साधन या कामाला चालेल. अवस्थायंत्र (ठरावीक अवस्थांमध्येच फिरणारे यंत्र) आणि मोजकी चले असलेल्या अशा प्रश्नासाठी नवशिक्याने नूएसएमव्ही घ्यावे, आणि अनेक नियंत्रक एकमेकांना संदेश पाठवत असतील तर स्पिनकडे वळावे, असा माझा सल्ला आहे.

नियंत्रकाच्या पाच अवस्था धरा: मिटलेले, उघडत आहे, उघडे, मिटत आहे आणि अडकलेले. दाराची खरी जागा हे वेगळे चल ठेवा, त्याच्या पाच पायऱ्या असाव्यात आणि दर मिनिटाला एक पायरी वर किंवा खाली जावी. दार कोठे आहे याबद्दल नियंत्रकाची समजूत आणि दाराची खरी जागा ही दोन निराळी चले असणे अत्यावश्यक आहे. ती एकच ठेवली तर सर्वांत धोकादायक दोष मॉडेलमध्ये उतरतच नाही. वीज आहे किंवा नाही आणि मापक धड आहे किंवा एका आकड्यावर अडकला आहे, यांसाठी दोन-दोन पर्याय घ्यावेत, आणि नियंत्रकातील घड्याळासाठी दहा पायऱ्या.

राहिले पाण्याचे अंतर. येथे पहिला मोह असा होतो की ‘आत बरेच वर, आत थोडे वर, जवळजवळ समान, बाहेर वर’ असे ढोबळ वर्ग करावेत आणि मिनिटाला एक वर्ग बदलू द्यावा. तसे केले तर साधन लगेच प्रतिउदाहरण देते, परंतु त्यात पाणी तीन मिनिटांत पाव मीटर चढलेले असते. खाडीत असे होत नाही. ते आपल्या ढोबळपणाने निर्माण केलेले खोटे प्रतिउदाहरण आहे. म्हणून अंतर (आतले पाणी वर असेल तर अधिक, बाहेरचे वर असेल तर उणे) सेंटिमीटरमध्येच ठेवा, उणे 30 पासून अधिक 40 पर्यंत, म्हणजे 71 किमती, आणि एका मिनिटात त्यात 2 पेक्षा अधिक फरक पडू देऊ नका. या टोकांपलीकडची सर्व अंतरे त्या त्या टोकातच समाविष्ट करावीत. त्यामुळे मॉडेलमधले पाणी खऱ्या पाण्यापेक्षा किंचित अधिक मोकळे होते, आणि अधिक मोकळ्या जगात टिकलेले सुरक्षाविधान, म्हणजे ‘वाईट कधीही घडू नये’ असे विधान, कमी मोकळ्या जगातही टिकते, म्हणून ही सवलत घेता येते. मापकाचे वाचन म्हणजे खरे अंतर अधिक किंवा उणे 6 पर्यंत कोणताही आकडा. तो आकडा दर वेळी साधनाला निवडू द्यावा.

एकूण अवस्था 71 गुणिले 5, 5, 2, 2 आणि 10, म्हणजे 71,000. त्यांतल्या किती गाठता येतात हे साधन स्वतः शोधते, आणि आजच्या लॅपटॉपला हे काम जड नाही.

प्रतिउदाहरण कसे वाचावे

पहिल्याच फेरीत मुख्य विधान मोडते. घटनाक्रम असा येतो: शून्याव्या मिनिटाला खरे अंतर 9 आहे, मापक 15 दाखवतो, आणि नियम ‘15 च्या खाली’ असा असल्यामुळे नियंत्रक स्वस्थ राहतो. पहिल्या मिनिटाला खरे अंतर 7 होते, वाचन 13 येते आणि दार मिटायला लागते. पाचव्या मिनिटाला दार पूर्ण मिटते, परंतु तोवर अंतर उणे 1 झालेले असते. म्हणजे दार शेवटच्या पायरीवर असताना बाहेरचे पाणी आतल्याच्या वर गेले. वाचन मिनिटातून एकदाच होते आणि मधल्या मिनिटातही पाणी चढतच असते, हे 2 सेंटिमीटर आपल्या कागदी हिशेबात नव्हते. मर्यादा 18 केली की हे प्रतिउदाहरण नाहीसे होते. वाचन दर दहा सेकंदांनी करणे हा दुसरा उपाय आहे, परंतु मग मॉडेलमधील काळाचे एककही दहा सेकंदांचे करून पडताळणी पुन्हा करावी लागेल.

कोणी म्हणेल की एक सेंटिमीटर पाण्याने काय बिघडते. त्या एका सेंटिमीटरने फारसे बिघडत नाही हे खरे. पण ज्या हिशेबावर आपण निर्धास्त होतो तो अपुरा होता, हे कळणे मोलाचे आहे, कारण दाराचा वेग गंजामुळे निम्मा झाला तर हीच चूक मोठी होते.

मर्यादा सुधारल्यावर दुसरे प्रतिउदाहरण येते आणि ते अधिक गंभीर असते. दार उघडे आहे, वीज जाते, भरती लागते, काही वेळाने वीज येते, मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि त्याची आरंभीची अवस्था ‘मिटलेले’ अशी लिहिलेली असते. दार मिटलेलेच आहे अशी समजूत असल्यामुळे तो ते मिटवण्याची आज्ञा देत नाही, आणि खारे पाणी पुढच्या ओहोटीपर्यंत आत येत राहते. कार्यशाळेतल्या चाचणीत हे सहसा सापडत नाही, कारण तेथे यंत्र सुरू करताना दार खाली आणून ठेवण्याची सवय असते. उपाय असा की ‘अनिश्चित’ ही सहावी अवस्था घालावी, सुरुवात नेहमी तिच्यातून व्हावी, आणि तिच्यात असताना दार खाली नेऊन तळाचा मर्यादा-स्विच लागल्यावरच ‘मिटलेले’ मानावे.

तरीही विधान पुन्हा मोडते, कारण वीज गेलेलीच राहिली तर कोणताही प्रोग्राम दार मिटवू शकत नाही. येथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे ‘वीज अमुक वेळात परत येते’ असे गृहीतक मॉडेलमध्ये लिहिणे; दुसरा म्हणजे वीज गेल्यावर ब्रेक सुटून दार स्वतःच्या वजनाने खाली येईल अशी यांत्रिक रचना करणे. कोकणात पहिला मार्ग मी सुचवणार नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत त्यानंतर दिवसेंदिवस वीज नव्हती. ज्या दिवशी बाहेरचे पाणी सर्वांत वर असण्याचा संभव, त्याच दिवशी वीज नसण्याचाही संभव अधिक असतो. ही दोन्ही संकटे स्वतंत्र मानणारे गृहीतक येथे खोटे ठरते. वजनाने मिटणारे दार मॉडेलमध्ये घातले की ‘दार अडकलेले नसेल आणि मापक धड असेल तर’ एवढ्या अटीवर विधान टिकते.

‘केव्हा ना केव्हा उघडावेच’ या विधानाचे प्रतिउदाहरण वेगळ्या आकाराचे असते: त्यात शेवटी एक चक्र येते आणि ते अनंतकाळ फिरत राहते. आपल्या मॉडेलमध्ये वीज दर मिनिटाला येते आणि जाते, त्यामुळे दार कधीच पूर्ण वर पोहोचत नाही. हे टाळण्यासाठी न्याय्यतेची अट घालतात. ‘वीज वारंवार येते’ एवढी अट पुरत नाही, कारण चक्रात ती वारंवारच येत असते. ‘वीज वारंवार येते आणि दार खाली जाऊन पुन्हा वर जाण्याइतका वेळ सलग टिकते’ अशी ती हवी.

सर्व विधाने टिकल्यावर लगेच समाधान मानू नये. ‘दार कधीच उघडत नाही’ हे विधान मुद्दाम लिहून पाहावे. ते मोडले पाहिजे. त्याचप्रमाणे ‘अडकलेले ही अवस्था कधीच येत नाही’ हेही मोडले पाहिजे. यांपैकी एखादे टिकले, तर मॉडेलमध्ये कोठेतरी परस्परविरोधी अटी पडल्या आहेत आणि आधीचे सर्व यश पोकळ आहे असे समजावे.

प्रोग्राम तपासताना

मॉडेल बरोबर असले म्हणजे त्यावरून लिहिलेला सी प्रोग्राम बरोबर असतोच असे नाही. त्यासाठी सीबीएमसी हे साधन वापरावे. ते सी प्रोग्रामचे तार्किक सूत्रात रूपांतर करते आणि ठरावीक फेऱ्यांपर्यंत कोणत्याही आदानासाठी विधान मोडते का, हे सूत्र सोडवणाऱ्या यंत्राकडून तपासते. नियंत्रकाचा मुख्य फेरा अखंड चालणारा असतो, म्हणून त्यातील एक फेरी वेगळ्या फंक्शनमध्ये काढावी, तिची सुरुवातीची अवस्था आणि वाचने साधनाला मुक्तपणे निवडू द्यावीत, आणि फेरीच्या शेवटी विधाने तपासावीत. मुक्त निवडीमुळे कधी कधी प्रत्यक्षात न येणारी सुरुवातही निवडली जाते. तसे झाले तर ‘मिटत आहे असे असेल तर वरचा रिले बंद असतो’ यासारखी अट सुरुवातीला गृहीत धरावी, पण तीच अट फेरीच्या शेवटीही सिद्ध करून घ्यावी.

एक बारकावा हमखास सुटतो. लॅपटॉपवर साधा पूर्णांक 32 बिटांचा असतो, तर आर्डुइनो ऊनो आर3 सारख्या 8 बिटी फलकावर तो 16 बिटांचा असतो आणि 32,767 च्या पुढे जात नाही. सीबीएमसीला पूर्णांकाची लांबी 16 बिट आहे असे सांगितले नाही, तर ते वेगळ्याच यंत्रावरचा प्रोग्राम सिद्ध करते. मिलिसेकंद मोजणारा आकडा अशा चलात ठेवला तर तो 33 सेकंदांच्या आतच उलटतो. 32 बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवला तर 49 दिवस 17 तासांनी शून्यावर येतो. म्हणजे 1 जूनला सुरू केलेले आणि अखंड चाललेले यंत्र 20 जुलैच्या सुमारास, ऐन पावसात, प्रथमच या प्रसंगाला सामोरे जाते. कार्यशाळेतल्या आठवडाभराच्या चाचणीत तो येणारच नाही. ‘आताची वेळ ही सुरुवात अधिक 30,000 पेक्षा मोठी आहे का’ असे विचारणारा प्रोग्राम त्या क्षणी फसतो, तर ‘आताची वेळ उणे सुरुवात 30,000 पेक्षा मोठी आहे का’ असे विचारणारा फसत नाही, कारण चिन्हरहित वजाबाकी उलटण्यालाही सांभाळून घेते. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राच्या 1985 ते 1987 मधील अपघातांमागील एक दोष याच जातीचा होता: एका बाइटचे चल दर वेळी एकाने वाढवले जाई, दर 256 व्या वेळी ते शून्य होई आणि त्या फेरीत सुरक्षातपासणी वगळली जाई.

रिले आणि इतर हार्डवेअर

दोन रिले एकाच वेळी चालू न होण्याची जबाबदारी फक्त प्रोग्रामवर टाकू नये. एक रिले चालू असताना दुसऱ्याच्या कॉइलचा मार्ग तुटेल अशी जोडणी तारांतच करावी. रिले चालवणारे तर्कजाळे एफपीजीएवर (हवे तसे तर्कजाळे घडवता येणाऱ्या चिपवर) बसवले असेल तर सिंबीयोसिस हे मुक्त साधन व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषेतल्या संकल्पनावर अशीच विधाने तपासून देते, आणि एवढ्या लहान जाळ्यात विधान गणिती विगमनाने, म्हणजे एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करून, कायमचे सिद्ध होते. हार्डवेअर उद्योगात ही पद्धत रुजण्याला 1994 चा पेंटियममधील भागाकाराचा दोष बराच कारणीभूत झाला. त्यासाठी इंटेलला 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती.

मग चाचणी कशासाठी

मॉडेलमध्ये जे घातलेच नाही ते शोधण्यासाठी. मापक 4 ते 20 मिलिअँपिअर पद्धतीचा घ्यावा, कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो आणि तुटलेली तार कमी पातळीपासून वेगळी ओळखता येते. चाचणीत तार खरोखर काढून पाहावी. शेवाळ आणि शिंपले धरून मापक एका आकड्यावर अडकणे ही खाडीतली नेहमीची शक्यता आहे. ‘वाचन तीन तास बदलले नाही तर बिघाड माना’ हा नियम मोहक वाटतो, पण बाहेरचा मापक चिखलाच्या वर टांगलेला असेल तर सुकतीला तो पाण्याबाहेर राहून तासन्‌तास एकच आकडा दाखवेल आणि भोंगा रोज वाजेल. रोज वाजणारा भोंगा लोक बंद करून टाकतात. म्हणून न बदलण्याची अट केवळ पातळी तळाच्या वर असतानाच लावावी, आणि हा बदल मॉडेलमध्येही घालून पडताळणी पुन्हा चालवावी.

चाचण्या निवडण्यासाठी मॉडेलचाच उपयोग होतो: मिळालेले प्रत्येक प्रतिउदाहरण ही एक तयार चाचणी आहे, ती खऱ्या फलकावर जशीच्या तशी चालवावी. मापकांच्या जागी दुसरा फलक लावून त्याच्याकडून 12 तास 25 मिनिटांच्या चक्राने चढउतरणारी कृत्रिम भरती द्यावी, एकदा उधाणाची आणि एकदा भांगाची (कमी चढउताराची). चाचण्या कितपत तीक्ष्ण आहेत हे पाहण्यासाठी प्रोग्राममध्ये मुद्दाम दोष पेरावेत, जसे ‘लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’, 18 च्या जागी 8, किंवा सुरुवातीची अवस्था पुन्हा ‘मिटलेले’. जो पेरलेला दोष एकाही चाचणीत पकडला जात नाही, तेथे नवी चाचणी लिहावी.

मॉडेल, विधाने आणि सीबीएमसीची आज्ञा प्रोग्रामच्या शेजारी एकाच संग्रहात ठेवाव्यात, आणि प्रोग्राममधील एक आकडा बदलला तरी सर्व पुन्हा चालवावे. गृहीतकांची यादी मात्र वेगळ्या कागदावर, साध्या मराठीत, उघाडी सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावी: दार 4 मिनिटांत मिटते, दोन्ही मापकांची चूक मिळून 6 सेंटिमीटरच्या आत आहे, वीज गेल्यावर दार वजनाने खाली येते. प्रत्येक ओळीपुढे ते कसे तपासायचे हे लिहावे. दाराला लागणारा वेळ घड्याळ लावून, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या आधी मोजावा, आणि तो 4 मिनिटांच्या पुढे गेलेला आढळला तर मर्यादा नव्याने काढून पडताळणी होईपर्यंत दार हाताने चालवावे.